धर्ममंडळीची प्रगति मोजावी कशी?

आपल्या समाजांत संस्था पुष्कळ निघतात आणि त्यांचे वार्षिक अहवालहि नेमानें छापले जातात. सभासद किती, वर्गणी किती, शिल्लक किती, हें सर्व त्यांत वाचावयास मिळतें. परंतु ज्या हेतूनें संस्था निघाली त्याच्या दिशेनें ती किती पुढें गेली, हें मात्र क्वचितच सांपडतें. धर्मसंस्थेच्या बाबतींत ही अडचण अधिकच बिकट होते. कारण तिचें ध्येय माणसाच्या अंतःकरणाशीं निगडित, आणि वहींत मांडतां येतात ते आंकडे. या प्रश्नाचा विचार करण्यास महाराष्ट्रांतील अमेरिकन मराठी मिशनचें उदाहरण आम्हांस फार उद्बोधक वाटतें.

१८१३ च्या फेब्रुवारींत गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे मिशनरी मुंबईस उतरले. त्यांनीं मराठी शिकून शाळा काढल्या; पुढें छापखाना निघाला, आणि १८२६ सालीं मराठी ‘नवा करार’ छापून पुरा झाला. त्याच वर्षीं हॉल पटकीनें वारले. तेरा वर्षांच्या या श्रमांत बाप्तिस्मा घेणारे फारच थोडे निघाले. शिरगणती हेंच माप धरिलें तर हॉल यांचें आयुष्य वायां गेलें असें म्हणावें लागेल. तथापि १८३१ सालीं अहमदनगर, म्हणजे आजचें अहिल्यानगर, येथें मिशनचें ठाणें बसलें, आणि १८४२ सालीं तेथूनच ‘ज्ञानोदय’ निघूं लागला, तें याच पायावर.

निराळें माप सुचविलें तें अमेरिकन बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन यांनीं. इंग्लंडांत हेन्री व्हेन हेहि याच विचारास पोंचले होते. या दोघांच्या मतें मिशनचें अंतिम ध्येय एकच : स्थानिक मंडळीनें आपला खर्च आपण चालवावा, आपला कारभार आपण पाहावा आणि आपल्या धर्माचा प्रसारहि आपणच करावा. मंडळी आपल्या पायांवर उभी राहिली कीं मिशनरीनें तेथून निघावें. मिशनची पूर्णता मिशन मावळण्यांत आहे, असा हा विलक्षण हिशेब होता. १८५४-५५ सालीं अँडरसन स्वतः हिंदुस्थानांत आले. इंग्रजी शाळांपेक्षां मराठी शिक्षणावर आणि परदेशी मिशनऱ्यांपेक्षां एतद्देशीय पाळकांवर भर द्यावा, असा त्यांचा आग्रह होता. इंग्रजी विद्येची ओढ लागलेल्या त्या काळांत हें धोरण वादग्रस्त ठरलें, यांत नवल नाहीं.

पुढें जें घडलें त्यांत आमच्या विषयाचें मर्म आहे. १८७६-७८ च्या दुष्काळानंतर, आणि पुन्हां शतकाच्या अखेरीच्या दुष्काळांत, मंडळींतील माणसें झपाट्यानें वाढलीं. त्यांत बहुतेक खेड्यांतील गरीब महार व मांग कुटुंबें होतीं. पूर्वीच्या मापानें हें मोठेंच यश होय. परंतु ज्यांच्या घरीं दोन वेळची भाकर नाहीं त्यांनीं पाळकाचा पगार द्यावा कसा? तो पगार मिशनच्या तिजोरींतून येई, आणि ज्याच्या हातीं तिजोरी त्याच्याच हातीं कारभार राही. म्हणजे संख्येचा कांटा जेव्हां सर्वांत वर चढला, तेव्हांच स्वावलंबनाचा कांटा मागें पडला. एका मापाची वाढ ती दुसऱ्या मापाची घट ठरली. तरी यावरून त्या गरिबांस दोष देणें अन्यायाचें होईल. समाजानें ज्यांस माणूस मानिलें नव्हतें, त्यांस जेथें अक्षर, अन्न व आदर मिळाला तेथें ते गेले.

या परावलंबनाची टोंचणी कविवर्य नारायण वामन टिळक यांस तीव्रतेनें लागली होती. १८९५ सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. १९१७ सालीं मिशनची पगारी चाकरी सोडून ते संन्यासी झाले. त्यांनीं स्थापिलेल्या ‘देवाच्या दरबारां’त बाप्तिस्मा घेतलेल्यांप्रमाणें न घेतलेल्यांसहि जागा होती. १९१९ सालीं ते वारले आणि दरबार फार काळ टिकला नाहीं. पण मराठी मंडळी अजूनहि त्यांचीं पदें गाते. स्वतःच्या वाणीनें देवाला आळविणें हेंहि स्वावलंबनच. तें मात्र कोणत्याच रकान्यांत बसत नाहीं.

रकान्यांत न बसलेलीं फळें आणखीहि आहेत. अहमदनगर येथील मिस फरार यांची मुलींची शाळा जोतीराव फुले यांनीं पाहिली, आणि १८४८ सालीं पुण्यांत मुलींची शाळा काढिली. ‘निर्णयसागर’चे जावजी दादाजी यांनीं टाइपाच्या कामाचे पहिले धडे मुंबईच्या अमेरिकन मिशन छापखान्यांत घेतले, त्यांच्या छापखान्यानें पुढें संस्कृत ग्रंथांची केवढी सेवा केली! मिशनच्या ध्येयाकडे जाणारीं हीं पावलें नव्हेत, आणि तीं तशीं दाखविणें अप्रामाणिकपणाचें होईल. पण इतिहासकाराला तीं वगळतां यावयाचीं नाहींत.

१९२४ सालीं युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया स्थापन झाली, आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजीं नागपुरास चर्च ऑफ नॉर्थ इंडिया अस्तित्वांत आली. कारभार देशी हातीं येण्यास हॉल यांच्या आगमनापासून दीड शतकाहून अधिक काळ लागला. म्हणून आम्हांस असें वाटतें कीं, दूरच्या ध्येयाची मोजदाद वर्षाच्या आंकड्यांनीं करूं नये. आधार देणारा हात उद्यां निघाला तर काय उभें राहील, हा प्रश्न दर पिढीला विचारावा. तो जितका मिशनला लागू आहे, तितकाच आपल्या वाचनालयांना, शिक्षणसंस्थांना आणि अनाथाश्रमांनाहि लागू आहे.