अक्षय कर्णेवार : दोन्ही हातांनी फिरकी टाकणारा पांढरकवड्याचा खेळाडू, बाकावरच्या मोसमानंतर कसा घडला?

4 षटकं, चारही निर्धाव, 0 धावा आणि 2 बळी. 8 नोव्हेंबर 2021 रोजी विदर्भाच्या अक्षय कर्णेवारने मणिपूरविरुद्ध हे पृथक्करण नोंदवलं आणि सोशल मीडियावर एकच प्रश्न फिरू लागला : हा कोण? खरं तर तोपर्यंत तो बरीच वर्षं विदर्भाकडून खेळत होता. त्याच्या वाटचालीचा महत्त्वाचा टप्पा या सामन्याच्याही आधी, 2019च्या फेब्रुवारीत येऊन गेला होता.

कोण आहे अक्षय कर्णेवार?

अक्षयचा जन्म 1992 सालचा, यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवड्याचा. नागपूर-हैदराबाद महामार्गावरचं हे तालुक्याचं गाव कापूस आणि टिपेश्वर अभयारण्यासाठी ओळखलं जातं. विदर्भ क्रिकेटचं केंद्र असलेलं नागपूर इथून सुमारे दीडशे किलोमीटर दूर आहे. अक्षय डावखुरा फलंदाज आहे. गोलंदाजी मात्र तो दोन्ही हातांनी करतो : उजव्या हाताने ऑफस्पिन आणि डाव्या हाताने पारंपरिक फिरकी.

दोन्ही हातांनी गोलंदाजी केल्याने काय साधतं?

बॅटपासून बाहेर जाणारा चेंडू खेळायला अवघड असतो, हे त्यामागचं साधं गणित. उजव्या हाताचा ऑफस्पिन डावखुऱ्या फलंदाजापासून दूर वळतो. डाव्या हाताची फिरकी उजव्या फलंदाजापासून दूर वळते. त्यामुळे समोर कुणीही असलं तरी अशा गोलंदाजाला हात बदलून चेंडू बाहेर काढता येतो.

अडचण अशी की रनअप, पायांची ठेवण, टप्पा सगळंच दोनदा शिकावं लागतं. सरावाचा वेळ दोन हातांत वाटला जातो आणि दोन्ही कच्चे राहण्याचा धोका असतो.

नियम काय सांगतो?

क्रिकेटच्या नियमांनुसार हात बदलता येतो, पण पंचांना आधी सांगावं लागतं. पंच ते फलंदाजाला कळवतात. न सांगता हात बदलला तर तो नोबॉल ठरतो. श्रीलंकेच्या कामिंदू मेंडिसनेही अशीच गोलंदाजी आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये केली आहे.

आयपीएलचा पहिला मोसम कसा गेला?

2016 मध्ये रॉयल चॅलेंजर्स बंगळूरने अक्षयला संघात घेतलं. विराट कोहली, एबी डिव्हिलियर्स, ख्रिस गेल यांच्या त्या संघाने अंतिम फेरी गाठली, पण अक्षयला एकही सामना खेळायला मिळाला नाही.

सप्टेंबर 2017 मध्ये चेन्नईत ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या सराव सामन्यात तो अध्यक्षीय संघाकडून खेळला. डावखुऱ्या ट्रॅव्हिस हेडला त्याने उजव्या हाताने आणि उजव्या हाताच्या मार्कस स्टॉइनिसला डाव्या हाताने चेंडू टाकले. ऑस्ट्रेलियाने 347 धावा करून सामना 103 धावांनी जिंकला. अक्षयने फलंदाजीत 40 धावा केल्या, पण चर्चा झाली ती त्याच्या दोन हातांचीच.

विदर्भाच्या संघात जागा का मिळत नव्हती?

कारण त्याच्या दोन्ही हातांच्या कामाला संघात आधीच माणसं होती. डाव्या हाताच्या फिरकीसाठी आदित्य सरवटे आणि ऑफस्पिनसाठी अक्षय वखरे. 1 जानेवारी 2018 रोजी विदर्भाने इंदूरमध्ये दिल्लीला हरवून पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला. त्या अंतिम सामन्याच्या अकरा जणांत सरवटे आणि वखरे होते, कर्णेवार नव्हता.

इथे वेगळेपणाची मर्यादा दिसते. दोन हात असले तरी संघात जागा एकच असते, आणि ती मिळवायला आणखी काहीतरी लागतं. अक्षयच्या बाबतीत ती फलंदाजी ठरली.

फेब्रुवारी 2019 मध्ये काय घडलं?

पुढच्या मोसमाचा रणजी अंतिम सामना नागपूरला सौराष्ट्राविरुद्ध झाला. पहिल्या दिवसअखेर विदर्भ 7 बाद 200 असा अडचणीत होता. अक्षयने तळाच्या फलंदाजांना हाताशी धरून नाबाद 73 धावा केल्या आणि संघ 312 पर्यंत पोहोचला. सौराष्ट्राचा डाव 307 वर संपला. म्हणजे विदर्भाला आघाडी मिळाली फक्त 5 धावांची. पुढे सरवटेने सामन्यात 11 बळी घेतले आणि विदर्भाने 78 धावांनी जिंकून करंडक राखला.

काही दिवसांतच नागपूरलाच इराणी करंडकाचा सामना झाला. शेष भारताच्या 330 धावांना उत्तर देताना विदर्भाने 425 धावा केल्या, त्यात अक्षयच्या 102 होत्या. सामना अनिर्णित राहिला, पण पहिल्या डावाच्या आघाडीवर विदर्भाने हा करंडकही सलग दुसऱ्यांदा जिंकला. बक्षिसाची रक्कम संघाने पुलवामा हल्ल्यातल्या शहीद जवानांच्या कुटुंबीयांना दिली.

मग 0 धावांच्या विक्रमाचं महत्त्व किती?

सय्यद मुश्ताक अली स्पर्धेतल्या त्या सामन्यात विदर्भाच्या 222 धावांपुढे मणिपूर 55 वर आटोपलं. पुरुषांच्या टी-20 क्रिकेटमध्ये चारही षटकं निर्धाव टाकण्याची ती पहिलीच वेळ होती. दुसऱ्याच दिवशी सिक्कीमविरुद्ध अक्षयने हॅट्ट्रिकसह 5 धावांत 4 बळी घेतले.

मणिपूर आणि सिक्कीम 2018-19 पासून देशांतर्गत स्पर्धांत उतरलेले नवखे संघ होते, हे खरं. पण सलग 24 चेंडूंवर एकही धाव न देण्यासाठी एकही सैल चेंडू टाकून चालत नाही. त्याच महिन्यात कॅनडाच्या साद बिन जफरने पनामाविरुद्ध, आणि 2024च्या टी-20 विश्वचषकात न्यूझीलंडच्या लॉकी फर्ग्युसनने पापुआ न्यू गिनीविरुद्ध अशीच चार षटकं टाकली. म्हणजे या यादीतले प्रतिस्पर्धी तुलनेने दुबळेच होते.

या वाटचालीतून काय कळतं?

दोन हातांच्या गोलंदाजीमुळे अक्षयचं नाव आयपीएलपर्यंत पोहोचलं, आणि 0 धावांच्या आकड्याने ते देशभर गेलं. पण रणजी अंतिम सामन्यात विदर्भाला आघाडी मिळाली ती 7 बाद 200 वरून पुढे खेळलेल्या त्याच्या नाबाद 73 धावांमुळे. बाकावर बसलेल्या कोणत्याही तरुण खेळाडूने लक्षात ठेवावा असा आकडा तो आहे.