गळाची दोरी, जुनी

गळाची दोरी, जुनी : काठी, दोरी, गळ आणि आमिष एवढ्याच सरंजामावर रोहू, कटला, मृगळ, मरळ यांसारखे गोड्या पाण्यातील मासे धरणाऱ्या हौशी लोकांच्या वापरातून गेलेली, परंतु त्यांच्या स्मरणातून न गेलेली सुती, रेशमी अथवा आरंभकालीन नायलॉनची दोरी. इंग्लंडात सामन व ट्राउट हे कुलीन मासे वगळून उरलेल्या माशांच्या मागे लागणाऱ्यांचा एक स्वतंत्र वर्ग मानतात. आपल्याकडे माशांचे कुलशील ठरविण्याचा अधिकार पूर्वापार स्वयंपाकघराकडे असल्याने असा भेद रूढ झाला नाही.

कोकणात गळाला ‘गरी’ म्हणतात आणि ‘गरवणे’ हे क्रियापदही त्याच व्यवहारातले आहे. तेथून शेकडो कोस दूर असलेल्या छत्तीसगढी बोलीतही गळाला ‘गरी’च म्हणतात व गळाने मासे धरण्यास ‘गरी खेलना’ असा खेळकर प्रयोग करतात. नायलॉनच्या एकपदरी पारदर्शक दोरीस मराठीत ‘तंगूस’ हे नाव आहे. रेशीमकिड्यापासून काढलेल्या गळाच्या दोरीला व पुढे नायलॉनच्या दोरीलाही जपानी भाषेत ‘तेगुसु’ म्हणतात, हे ध्वनिसाम्य लक्षात घेण्याजोगे आहे.

गळाने मासे धरण्याच्या विद्येचा प्राचीन उल्लेख शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. कल्याणीचा, म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातील बसवकल्याणचा, चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचे प्रकरण असून, माशांच्या जाती, त्यांना घालावयाचे खाद्य व गळ टाकण्याची रीत हे विषय राजास शोभेल अशा सावकाशीने त्यात आले आहेत. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये या प्रकरणाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. इंग्लंडात आयझॅक वॉल्टन याच्या १६५३ च्या प्रसिद्ध ग्रंथात दोरी घोड्याच्या शेपटीच्या केसांची आहे.

नायलॉनपूर्व दोऱ्यांत रेशमाचा मान मोठा होता. बंगालमध्ये मुगा रेशमाची सोनेरी दोरी गळासाठी नावाजलेली होती. युरोपात गळाजवळचा अदृश्यप्राय तुकडा रेशीमकिड्याच्या ग्रंथीपासून करीत : कोश विणण्याच्या बेतात आलेला किडा सिरक्यात मुरवून, त्याच्या पोटातील रेशीमग्रंथी हाताने ताणून तिचा तंतू करावयाचा, असा हा क्रूर व कुशल धंदा स्पेनमधील मुर्सिया प्रांतात भरभराटीस आला होता. एकेक तंतू हातभरही लांब नसे, म्हणून गाठीवर गाठ मारावी लागे, आणि गाठ मारण्यापूर्वी तो पाण्यात भिजवून मऊ करावा लागे. कोरड्या तंतूस घाईने गाठ घालणाऱ्याचा मासा गाठीसकट जाई. विणलेली रेशमी दोरी घरी आल्यावर रिळावरून उतरवून सावलीत वाळवावी लागे, नाहीतर ती कुजे. सुती दोरीची तऱ्हा निराळी नव्हती. कोकणातील कोळी सुती जाळी टिकावीत म्हणून ऐनाच्या सालीच्या काढ्यात बुडवीत, ते याच कुजण्याच्या भयाने.

या परंपरेचा शेवट अमेरिकेतील ड्यू पाँ या कंपनीने केला. तिने १९३८ मध्ये नायलॉन जाहीर केले व पुढच्याच वर्षी त्याची गळाची दोरी बाजारात आणली. त्याच १९३८ साली जर्मनीत पाउल श्लाक याने पेर्लॉन हे नायलॉनचे भावंड सिद्ध केले. गंमत अशी, की इंग्लंडातील वृद्ध गळकरी आज ज्या दोरीच्या आठवणीने हळवे होतात ती बहुधा रेशमी नसून बायर कंपनीची पेर्लॉन, किंवा ‘रासीन तोर्त्यू’ या फ्रेंच नावाची, अशी नायलॉनयुगातलीच असते. अर्थात ‘जुनी’ हे विशेषण दोरीच्या वयावरून लागत नाही, ती धरणाऱ्या हाताच्या वयावरून लागते.

छत्तीसगढातील भिलई येथील रुआबांधा हा भाग याचे चांगले उदाहरण होय. बांध घालून केलेल्या तळ्यास छत्तीसगढीत ‘बांधा’ म्हणतात, म्हणजे पाणी या वस्तीच्या नावातच आहे; शेजारी पोलाद कारखान्यास पाणी पुरविणारा मरोदा जलाशय आहे. या कारखान्यासाठी सोव्हिएत साह्याचा करार १९५५ मध्ये होऊन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले, आणि नोकरीनिमित्त विदर्भातून, बंगालातून, आंध्रातून कुटुंबे येथे येऊन वसली. तोवर तंगूस जन्मून वीस वर्षे झाली होती. तेव्हा वसाहतीत वाढलेल्यास जुनी दोरी म्हणजे तंगूस आणि मूळ गावकऱ्यास ती सुताची, असा एकाच बांधावर दोन भूतकाळांचा शेजार संभवतो. गावकऱ्याचा भूतकाळ दप्तरातही सापडावयाचा : या मुलखाला लागू असलेल्या १९५९ च्या जमीन महसूल संहितेत, खाजगी पाण्यात मासे धरण्याचा गावचा रिवाज ‘वाजिब-उल-अर्ज’ या कागदात नोंदविण्याची तरतूद आहे.

गुणांचा निवाडा करू गेल्यास जुन्या दोरीची बाजू लंगडी पडते. तंगूस कुजत नाही, पाण्यात दिसत नाही, ताणला असता लांबतो व माशाचा हिसका सोसतो. त्याचे दोषही त्याच गुणांतून आले आहेत : रिळावर राहिला की वळ धरून बसतो, आणि काठावर टाकून दिला की वर्षानुवर्षे तसाच राहून पाणपक्ष्यांच्या पायांस वेढे घालतो, तर सुताची दोरी कुजून मातीस मिळते. रेशीम-सुताच्या दोरीने जी शुश्रूषा मागितली, तिचीच आठवण लोक काढतात. प्रस्तुत लेखकाच्या मते माशांचा त्यात फारसा भाग नाही.

जुने रीळ घरात सापडल्यास त्यावरील तंगूस पाण्यावर नेऊ नये. उन्हाने नायलॉन क्षीण होते आणि वरून ते कळत नाही. हातभर तुकडा काढून त्यास गाठ मारावी व ओढून पाहावे.