पाकिटाएवढी जागा : सिगारेटच्या फळीचा इतिहास

या मालेत आपण बाजाराचा इतिहास बघतो आहोत. आज मी एका अगदी क्षुल्लक वाटणाऱ्या वस्तूबद्दल बोलणार आहे. विषयाचं नाव ऐकून काहींनी विचारलंसुद्धा, की दुकानातल्या फळीचा कसला आलाय इतिहास? म्हणून सुरुवात एका प्रसंगापासून करतो.

माझा मावसभाऊ न्यू जर्सीत एक छोटं दुकान चालवतो. दूध, पाव, कॉफी, लॉटरीची तिकिटं आणि सिगारेट. मी त्याच्याकडे राहायला गेलो होतो, तेव्हा एका रात्री दुकान बंद केल्यावर तो स्टुलावर चढून गल्ल्यामागच्या भिंतीची मापं घेत होता. मला म्हणाला, ‘दादा, आकडे लिहून घे.’ झालं असं होतं, की एका सिगारेट कंपनीशी असलेला करार त्यानं सोडला होता. करार सुटल्यावर कंपनीची माणसं आली आणि त्यांची रॅक उचलून घेऊन गेली. मग यानं स्वस्तात पुशर मागवले, आणि ते मापात बसेनात. लांब पाकिटं वरच्या फळीला अडकत होती, बारीक पाकिटं तिरकी होत होती.

आता पुशर म्हणजे काय, ते आधी सांगतो. फळीवर उभे दुभाजक लावून पाकिटांच्या रांगा करतात. प्रत्येक रांगेच्या मागे एक पट्टी असते, तिच्यात गुंडाळलेली पोलादी स्प्रिंग असते. पुढचं पाकीट काढलं की स्प्रिंग मागची सगळी रांग पुढे ढकलते. झालं, एवढंच यंत्र. पण त्यामुळे फळी रिकामी कधी दिसतच नाही. दोन पाकिटं उरली असली तरी ती अगदी पुढे, कडेला येऊन उभी राहतात.

हे पुशर किती मापाचे घ्यायचे? त्या रात्री मला कळलं, की याचं उत्तर सिगारेटच्या पोटात आहे. 20 सिगारेटी पाकिटात कशा भरतात? तीन थरांत. 7, मग 6, मग पुन्हा 7. नेहमीच्या सिगारेटचा व्यास साधारण पावणेआठ ते आठ मिलिमीटर. सात एकाशेजारी एक ठेवल्या की झाले सुमारे 55 मिलिमीटर. ही पाकिटाची रुंदी. तीन थरांची जाडी साधारण 22. म्हणजे रांग 57-58 मिलिमीटरची हवी. दोन-तीन मिलिमीटर मोकळे ठेवायचे, कारण अगदी घट्ट बसलं तर पाकीट घासत थांबतं आणि जास्त सैल ठेवलं तर ते वळतं.

खोलीचा हिशोबही असाच. एका कार्टनमध्ये 10 पाकिटं असतात. 10 गुणिले 22, म्हणजे 220 मिलिमीटर, शिवाय स्प्रिंगच्या डबीला इंचभर. म्हणजे दहा इंच खोली असली की अख्खं कार्टन एका रांगेत रिकामं होतं. खोली त्याहून कमी पडली, तर प्रत्येक वेळी अर्धं कार्टन काउंटरखाली उघडं पडून राहतं, आणि उघड्या कार्टनमधली पाकिटं कशी नाहीशी होतात, हे कुठल्याही दुकानदाराला सांगावं लागत नाही.

तिसरी गोष्ट स्प्रिंगचा जोर. एक पाकीट भरतं वीस-पंचवीस ग्रॅम. जोर जास्त झाला तर कागदी मऊ पाकिटं चेपतात, शेवटचं पाकीट उडून खाली पडतं. कमी झाला तर भरलेली रांग जागची हलत नाही. म्हणून मऊ पाकिटाला हलकी स्प्रिंग आणि खाली गुळगुळीत पट्टी.

मी आकडे लिहीत होतो आणि मनात म्हणत होतो, हे सगळं ठरवलं कोणी? आता जरा मागे जाऊ.

सिगारेट आधी हातानं वळत. चांगला कारागीर दिवसाला तीनेक हजार वळायचा. 1881 साली जेम्स बॉन्सॅक यांनी सिगारेट वळण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं. नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅमचे जेम्स ड्यूक यांनी ते आपल्या कारखान्यात बसवलं. एक यंत्र दिवसाला लाखाच्या वर सिगारेटी काढू लागलं. आता प्रश्न असा आला, की एवढ्या सिगारेटी ओढणार कोण? ड्यूकनी जाहिरातीवर पैसा ओतला. पाकीट चेपू नये म्हणून आत पुठ्ठ्याचा तुकडा असायचा, त्यावर चित्रं छापली आणि लोक ती जमवू लागले. म्हणजे बघा, पाकीट ताठ ठेवण्याची सोय हीच जाहिरात झाली. हे लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहे.

तोवर दुकान कसं होतं? आपल्या वाण्याच्या दुकानासारखंच. माल मागे, मध्ये फळकूट, गिऱ्हाईक बाहेर. मागायचं आणि मिळायचं. हे बदललं 1916 साली. टेनेसीतल्या मेम्फिसमध्ये क्लॅरेन्स सॉन्डर्स यांनी पिगली विगली नावाचं दुकान काढलं. गिऱ्हाइकानं आत फिरायचं, हातानं वस्तू उचलायची आणि दाराशी पैसे द्यायचे. त्या दिवसापासून वस्तूला स्वतःच स्वतःला विकावं लागलं. फळीवर पुढे कोण आणि मागे कोण, याला किंमत आली.

याच काळात पाकिटं वाढत गेली. जुनी सिगारेट 70 मिलिमीटरची. 1939 मध्ये पॉल मॉल 85 मिलिमीटरची झाली, तिला म्हणायला लागले किंग साइझ. साठीच्या दशकात शंभर मिलिमीटरच्या आल्या. 1968 मध्ये स्त्रियांना डोळ्यासमोर ठेवून व्हर्जिनिया स्लिम्स आली. शंभर मिलिमीटर लांब, पण घेर फक्त 23. आता आपला हिशोब लावा. घेर 23 म्हणजे व्यास सव्वासातच्या आसपास, सात सिगारेटी म्हणजे 51 मिलिमीटर. नेहमीच्या रांगेत अशा पाकिटाला सहा-सात मिलिमीटर मोकळे मिळतात आणि ते तिरकं होतं. माझा भाऊ स्टुलावर उभा राहून ज्या पाकिटांना शिव्या घालत होता ना, त्यांचा आकार 1968 साली ‘बाईची सिगारेट नाजूक असते’ असं ठरवणाऱ्यांनी ठरवला होता. 1975 मध्ये मोअर नावाची 120 मिलिमीटरची आली. दर वेळी दुकानदारानं फळी वरखाली करायची.

मग येतं 1998. हे वर्ष महत्त्वाचं आहे. त्या नोव्हेंबरात अमेरिकेतल्या 46 राज्यांनी मोठ्या सिगारेट कंपन्यांशी तडजोड केली. रस्त्यावरचे मोठे फलक गेले, बसवरच्या जाहिराती गेल्या. दुकानाच्या आतली भिंत मात्र राहिली. मग सगळा जोर तिथे आला.

त्याच्या महिनाभर आधी फिलिप मॉरिसनं रिटेल लीडर्स नावाची योजना सुरू केली होती. साधी गोष्ट होती. दुकानदारानं दिसणाऱ्या जागेतला ठरावीक वाटा कंपनीला द्यायचा, बदल्यात सवलत. जितकी जास्त जागा, तितकी जास्त सवलत. प्रतिस्पर्धी कंपन्या, म्हणजे आर. जे. रेनॉल्ड्स, लॉरिलार्ड, ब्राउन अँड विल्यमसन, न्यायालयात गेल्या. म्हणाल्या, आम्हाला भिंतीवरून ढकलून देताहेत. 1999 मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या न्यायालयानं योजनेला तात्पुरता चाप लावला. पण 2002 मध्ये त्याच न्यायालयानं अंतिम निकाल फिलिप मॉरिसच्या बाजूनं दिला.

या खटल्यात वादी सिगारेटवाले, प्रतिवादीही सिगारेटवाले. भांडण कशावरून? भिंतीवर कोणाच्या किती रांगा, यावरून. आता मघाचं गणित आठवा. चार फुटांची फळी म्हणजे 1219 मिलिमीटर. दुभाजकासकट रांग 60 मिलिमीटरची केली तर 20 रांगा बसतात. 64 ची केली तर 19. सहा फळ्या असतील तर चार मिलिमीटरांच्या फरकानं सहा रांगा गेल्या. ज्याला भिंतीचा वाटा टक्क्यांत मोजून द्यायचा आहे, त्याच्यासाठी हे चार मिलिमीटर म्हणजे पैसे. रॅक कंपनी फुकट का देते, ते आता कळलं? रॅक ज्याची, माप त्याचं. आणि माप ज्याचं, भिंत त्याची.

दुसरीकडे सरकारही या भिंतीकडे बघू लागलं होतं. 2001 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासमोर मॅसॅच्युसेट्सचा एक नियम आला. शाळेजवळच्या दुकानांत सिगारेटची जाहिरात जमिनीपासून पाच फुटांच्या वरच लावायची. मुलांच्या डोळ्यांवर पडू नये म्हणून. न्यायालयानं हा नियम रद्द केला. मुलं पाच फुटांहून उंच असू शकतात, आणि बुटक्या मुलाला मान वर करता येतेच की! पण त्याच निकालात दुसरा नियम टिकला : सिगारेट गिऱ्हाइकाच्या हाताशी ठेवायची नाही, ती दुकानातल्या माणसाच्या हातूनच द्यायची. 2010 पासून हा नियम, फक्त प्रौढांना प्रवेश असलेल्या जागा वगळता, देशभर लागू झाला. म्हणजे 1916 मध्ये काउंटरबाहेर आलेला माल पुन्हा काउंटरच्या मागे गेला. हात दूर झाला, डोळा मात्र होता तिथेच राहिला.

डोळ्याचा प्रश्न इतर देशांनी सोडवला. आइसलँडनं 2001 मध्ये, कॅनडातल्या सस्कॅचवाननं 2002 मध्ये दुकानातल्या सिगारेटी झाकायला लावल्या. सस्कॅचवानविरुद्ध कंपनी गेली, पण 2005 मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानं प्रांताचा कायदा उचलून धरला. आयर्लंड 2009. इंग्लंडमध्ये मोठी दुकानं 2012, छोटी 2015. तिथे भिंतीला झडपा लागल्या. गिऱ्हाइकानं मागितलं की झडप उघडायची, तीही दीड चौरस मीटरपेक्षा जास्त नाही.

पाठोपाठ पाकिटंही बदलली. ऑस्ट्रेलियात डिसेंबर 2012 पासून सगळी पाकिटं एकाच मळकट रंगाची, नाव साध्या ठशात. कायद्यानं मापही घातलं : रुंदी किमान 55 मिलिमीटर, उंची किमान 85. युरोपीय संघानं 2014 च्या निर्देशात धोक्याची सूचना किमान 52 मिलिमीटर रुंद हवी असं म्हटलं, म्हणजे लिपस्टिकसारखी अरुंद पाकिटं आपोआप संपली. पूर्वी कंपनी पाकीट बदलायची आणि फळी त्याच्यामागे धावायची. आता कायदा पाकिटाचं माप सांगतो.

मग पुशर गेले का? नाही! ते त्या झडपांच्या मागे अजून आहेत. उलट जास्त लागतात. सगळी पाकिटं सारखी दिसतात, झडप थोडाच वेळ उघडायची, मग काउंटरवरच्या माणसाला चटकन पाकीट सापडायला हवं. रांगा नावानुसार लावायच्या, पाकीट हाताशी यायला हवं. स्प्रिंग तीच, जोर तोच. आधी ती पाकीट गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे ढकलत होती, आता विकणाऱ्याच्या हातात ढकलते. ड्यूकच्या वेळी पाकीट ताठ ठेवायचा पुठ्ठा जाहिरात झाला होता. इथे उलट घडलं, जाहिरातीचं यंत्र परत साधं अवजार झालं.

आपल्याकडे काय, असं तुम्ही विचारणारच. आपल्या टपरीवर पुशर नसतो, पाकिटांची चळत असते. 2003 च्या कायद्यानं जाहिरातीवर बंदी आणली, पण विक्रीच्या जागी फलकाला मुभा ठेवली, नियमात 60 गुणिले 45 सेंटिमीटरपर्यंत. 2016 पासून पाकिटाच्या 85 टक्के भागावर सूचना आली. पण सुटी सिगारेट घेणाऱ्याला पाकीट दिसतंच कुठे? ते टपरीवाल्याकडेच राहतं. महाराष्ट्रानं 2020 मध्ये सुट्या विक्रीवर बंदी घातली, ती याचसाठी. आपल्याकडची लढाई फळीच्याही आधीची आहे.

आता परत न्यू जर्सीला. माझ्या भावाची मुलगी अकरा वर्षांची आहे. शाळा सुटल्यावर ती काउंटरच्या आत बसून गृहपाठ करायची, समोर ती भिंत. एकदा सहज विचारलं, तर तिनं वरच्या फळीपासून खालपर्यंत सगळी नावं क्रमानं म्हणून दाखवली. रंगांसकट. आम्ही दोघं हसलो आणि मग गप्प झालो. करार त्यानं त्यानंतरच्या महिन्यात सोडला. सवलत गेली, महिन्याचा हिशोब बिघडला, हे त्यानं मला लपवलं नाही. सिगारेट विकणं त्यानं बंद केलेलं नाही, तेवढं परवडत नाही म्हणाला. पण माप आता त्याचं आहे. लहान भिंत, कमी रांगा, लांब पाकिटांना वेगळी फळी, बारीक पाकिटांना 53 मिलिमीटरची रांग. आणि मुलीचं टेबल त्यानं कॉफीच्या यंत्राकडे, भिंतीला पाठ करून लावलंय.

तेव्हा पुढच्या वेळी कुठल्याही दुकानात एखादी वस्तू अगदी पुढे येऊन उभी दिसली, की तिच्या मागे बघा. तिला कोणीतरी ढकललेलं असतं.

इथेच थांबतो. काही प्रश्न असतील तर जरूर विचारा.