नांगराविना एक दिवस

भाद्रपद शुद्ध पंचमीला आमच्या स्वयंपाकघरात तेलाच्या बरणीला कुणी हात लावत नाही. आदल्या दिवशी गणपती बसलेले असतात, उकडीच्या मोदकांवर तुपाची धार झालेली असते. ऋषिपंचमीला मात्र बैलाने ज्यासाठी मान वाकवली असे काहीच खायचे नाही. गहू नाही, शेतातला तांदूळ नाही, डाळ नाही. उसाच्या चरकाला बैल, म्हणून गूळ नाही. तेलाच्या घाण्यालाही बैलच, म्हणून फोडणी नाही. मीठ तेवढे चालते. मिठागरात माणसेच राबतात, असे आजी सांगायची. लोण्यावरून घरोघरी वाद आहेत. आमच्याकडे ते घालत नाहीत.

माझे माहेर अष्टागरातले, चौल-रेवदंड्याच्या पट्ट्यातले. नारळी-पोफळीच्या वाड्या, दर वाडीत विहीर आणि विहिरीवर रहाट. हा रहाट बैल नाहीतर रेडा ओढायचा, म्हणजे उन्हाळ्यातली भाजी या व्रताला बाद. पण भाद्रपदात रहाट उभाच असतो, पाणी आभाळातून येते. मांडवावर पडवळ आणि शिराळी लोंबत असतात, कुंपणाकडेला लाल माठ वाढलेला असतो, पन्हळीखाली अळू माजलेले असते. या व्रताची तिथी पंचांगाने ठरवली खरी, पण पावसाळी परसबागेला तिच्याइतकी सोयीची दुसरी सापडली नसती.

या दिवशीच्या भाजीचे मुख्य कष्ट निवडण्यात आहेत. अळूचे देठ सोलताना टोकाला नखाने साल उचलायची आणि खाली ओढायची. ती दोऱ्यासारखी निघते आणि बोटे काळी होतात. माठाचे जाड देठ बोटभर तुकडे करून घ्यायचे. सुरण, कच्ची केळी, लाल भोपळा, भेंडी, पडवळ, शिराळे, ओले शेंगदाणे, मक्याच्या कणसाचे जाड काप. पातेल्यात सुरण, शेंगदाणे आणि कणीस तळाशी, पालेभाजी वर. माठ आणि भोपळा स्वतःचे पाणी सोडतात, म्हणून वरून अगदी थोडेच घालायचे. अळूची खाज मारायला चिंचेचा कोळ किंवा ठेचलेले अंबाडे. परसातल्या दोन हिरव्या मिरच्या मोडून टाकायच्या, वर झाकण, मंद आच. शेवटी मीठ आणि मूठभर ओले खोबरे. मोहरी नाही, हिंग नाही, हळद नाही, तरी चव येते. भोपळ्याचा गोडवा, अंबाड्याचा आंबटपणा आणि शेंगदाण्याचा कस एकमेकांत मुरतो. ज्यांना ही भाजी बेचव लागते त्यांनी ती बहुधा घाईत, पाणी ओतून केलेली असते.

आज या दिवसाला बायकांचे व्रत म्हणतात. पां. वा. काणे यांनी ‘धर्मशास्त्राच्या इतिहासा’च्या पाचव्या खंडात व्रतांचा जो धांडोळा घेतला आहे, त्यातून वेगळेच दिसते: हे व्रत पुरुषांनाही सांगितलेले होते, पुढे ते बायकांपुरते उरले. कश्यप, अत्री, भरद्वाज, विश्वामित्र, गौतम, जमदग्नी, वसिष्ठ आणि वसिष्ठांशेजारी अरुंधती यांची पूजा, आणि नांगरलेल्या जमिनीत न पिकलेले अन्न. जुन्या ग्रंथांत नीवार आणि श्यामाक ही धान्ये मुनींचे अन्न म्हणून येतात. नीवार म्हणजे रानभात. कोकणात पाणथळीत आपोआप उगवणाऱ्या अशा भाताला देवभात म्हणतात. श्यामाक म्हणजे सावा. आमच्याकडे त्याच्या जागी वरी शिजते.

कहाणीत बैल येतो, हे मला फार महत्त्वाचे वाटते. विदर्भातला एक ब्राह्मण मेल्यावर आपल्याच मुलाच्या गोठ्यात बैल होऊन जन्मतो, त्याची बायको त्याच घरी कुत्री होते. श्राद्धाच्या दिवशी खिरीत सापाचे गरळ पडते. कुत्री ते पाहते, घरच्यांचा जीव वाचावा म्हणून खिरीला तोंड लावते आणि सुनेचा मार खाते. रात्री बैल तिला आपले दुःख सांगतो: मुलाने तोंड बांधून दिवसभर नांगराला जुंपले, वैरणसुद्धा घातली नाही. मुलगा ते ऐकतो आणि ऋषींकडे धाव घेतो. कहाणी या सगळ्याचे खापर बाईच्या विटाळावर फोडते. ते मला मान्य नाही. माझ्या मुलीला मी तो भाग मान्य नसल्याचे सांगूनच कहाणी वाचून दाखवते. गोठ्यातला उपाशी बैल हाच मला तिचा गाभा वाटतो. बापाच्या नावाने पान वाढायचे आणि ज्याच्या कष्टावर ते पान भरले त्यालाच उपाशी ठेवायचे, याची बोच तिच्यात आहे. त्या बोचणीतून एक दिवस बैलाचे अन्न वर्ज्य झाले असेल, तर हे व्रत शहाण्या माणसांचे आहे.

आता त्या कणसाकडे वळते. मका मूळचा अमेरिकेतला. लाल भोपळा, शेंगदाणा, मिरचीही तिकडचीच. सप्तर्षींच्या नैवेद्यातले हे चार जिन्नस सोळाव्या शतकाआधी इथल्या चुलीला ठाऊक असणे कठीण. पोर्तुगीज 1510 मध्ये गोव्यात बसले, 1521 मध्ये चौलला त्यांनी ठाणे दिले. रेवदंड्याच्या त्यांच्या तटबंदीच्या आत आज नारळीच्या वाड्या आहेत आणि तिथल्या परसातही मका उगवतो. कुणी त्याचे कूळ विचारले नाही. बैल न लावता आला ना, मग पातेल्यात घाला. परंपरा जपणे म्हणजे जिन्नसांची यादी गोठवणे असे ज्यांना वाटते, त्यांना मी हे कणीस दाखवते.

वरीची गोष्ट मात्र सुखाची नाही. आमच्या मागच्या डोंगरांत ठाकर आणि कातकरी दळीची शेती करत आले. उतारावर फांद्या तोडून जाळायच्या, राखेत नाचणी-वरी पेरायची, कुदळीने जमीन खरवडायची, काही वर्षांनी जागा सोडून द्यायची. उतारावर नांगर चालतच नाही. आम्ही वर्षातून एकदा पुण्य म्हणून जे खातो, ते त्यांचे रोजचे अन्न होते. 1878च्या वन कायद्यानंतर राखीव जंगले आखली गेली आणि दळीवर बंधने आली. 2006च्या वनहक्क कायद्याखाली रायगडात याच दळीच्या जमिनींसाठी दावे दाखल झाले. पंचमीच्या आदल्या दिवशी बाजारात डोंगरातून आलेल्या बायका रानभाज्यांचे वाटे मांडून बसतात. तिथे कुणी घासाघीस करू लागले की मला राग येतो.

हल्ली नात्यातली तरुण मुले विचारतात की शेत ट्रॅक्टरने नांगरले, तेल यंत्राने काढले, मग पोळी खायला काय हरकत? हिशोबाने त्यांचे बरोबर आहे. पण त्या हिशोबाने गेलो तर अळू सोलायला कुणी बसणार नाही आणि अंबाड्याचे झाड कशासाठी राखले हे पुढच्या पिढीला कळणार नाही. म्हणून मी त्यांच्याशी वाद घालत नाही, सुरण चिरायला देते.

भाजी नेहमी मोठ्या पातेल्याने करावी. षष्ठीला ती जास्त मुरते. तेव्हा लसूण-तिखटाची खमंग फोडणी देऊन तांदळाच्या गरम भाकरीबरोबर वाढायला कसलीच आडकाठी नसते.