गावचे महाविद्यालय आणि परदेशातील अध्ययन : अमेरिकन कम्युनिटी कॉलेजांच्या इतिहासातील एक प्रश्न

(१)

‘परदेशी शिक्षण’ हा शब्दप्रयोग आपल्याकडे ज्या अर्थाने रूढ झाला आहे, त्या अर्थाने तो प्रस्तुत निबंधात योजिलेला नाही, हे आरंभीच स्पष्ट केले पाहिजे. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेस गेल्या आणि १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी त्यांनी संपादन केली. बडोदे संस्थानाची शिष्यवृत्ती घेऊन डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. या प्रवासांचे स्वरूप असे की, जी विद्या वा जी पदवी स्वदेशी मिळणे दुर्घट, ती मिळविण्यासाठी एखादी निवडक व्यक्ती काही वर्षे दूरदेशी जाऊन राहते. अमेरिकन विद्यापीठांच्या परिभाषेत ‘स्टडी अब्रॉड’ म्हणतात ती गोष्ट याहून निराळी होय. येथे विद्यार्थी आपल्याच महाविद्यालयाच्या पटावर राहतो. एक वर्ष, एक सत्र किंवा काही आठवडे परदेशात अध्ययन करतो. आणि त्या अध्ययनाचे श्रेयांक त्याच्या मूळच्या पदवीत धरले जातात. म्हणजेच या अध्ययनाचे नियोजन, त्यासाठी करावयाचे करार, शिक्षकांची नेमणूक, खर्चाची तरतूद आणि विद्यार्थ्याची जबाबदारी या साऱ्यांचा भार मूळ संस्थेवर असतो.

‘कम्युनिटी कॉलेज’ या संज्ञेचाही असाच खुलासा करावयास हवा. या संस्थांना पूर्वी ‘ज्युनिअर कॉलेज’ म्हणत. महाराष्ट्रात १०+२+३ ची रचना आल्यापासून अकरावी-बारावीच्या वर्गांना हेच नाव मिळाले. परंतु दोहोंत नावापलीकडे साम्य नाही. अमेरिकेतील ही संस्था बारा वर्षांच्या शालेय शिक्षणानंतरची दोन वर्षे शिकविते. तिचे शुल्क अल्प असते, प्रवेशासाठी निवडीची चाळणी सहसा नसते, आणि तिच्या व्यवस्थेचा आणि खर्चाचा मोठा भाग अनेक राज्यांत स्थानिक जिल्ह्याने उचललेला असतो. विद्यार्थी तेथून विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षात जातो, अथवा एखादा व्यवसाय शिकून नोकरीस लागतो.

जी संस्था मुळात विद्यार्थ्याला गाव सोडावे लागू नये म्हणून निर्माण झाली, तिने त्याला परदेशी का पाठवावे आणि कसे पाठवावे, हा प्रश्न आपल्यापुढे आहे. या कार्याची गती मंद राहिली याचे खापर पुष्कळदा विद्यार्थ्यांच्या अनास्थेवर किंवा संस्थांच्या संकुचित दृष्टीवर फोडले जाते. प्रस्तुत लेखकाचे मत निराळे आहे. परदेशातील अध्ययनाचा जो साचा रूढ झाला, तो दुसऱ्याच प्रकारच्या संस्थेच्या मापाने बेतलेला होता. आणि तो साचा सोडून देण्याचे धैर्य जेथे दाखविले गेले, तेथेच काही प्रगती झाली, असे या इतिहासावरून दिसते.

(२)

इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे १९०१ मध्ये सुरू झालेले ज्युनिअर कॉलेज हे या प्रकारचे पहिले सार्वजनिक महाविद्यालय मानले जाते. तेथील शाळाप्रमुख जे. स्टॅन्ली ब्राउन आणि शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर या दोघांची ही कल्पना. प्रारंभीचे विद्यार्थी अवघे सहा. हार्पर यांना विद्यापीठावरील खालच्या वर्गांचा भार हलका करावयाचा होता. गावकऱ्यांना आपली मुले घरी राहून शिकावयास हवी होती. दोन निराळे हेतू एका संस्थेत एकवटले. १९२० मध्ये सेंट लुईस येथे अशा महाविद्यालयांच्या प्रतिनिधींची परिषद भरली आणि तिच्यातून त्यांचा राष्ट्रीय संघ जन्मास आला. ही परिषद घडवून आणण्यात संघराज्याच्या शिक्षण खात्यातील जॉर्ज झूक यांचा मोठा वाटा होता. हे नाव पुढेही येणार आहे.

याच काळात दुसरा एक प्रवाह उगम पावत होता. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ मध्ये, न्यूयॉर्क येथे स्टीफन डगन यांच्या संचालकत्वाखाली आंतरराष्ट्रीय शिक्षण संस्था स्थापन झाली. १९२३ च्या उन्हाळ्यात डेलावेअर विद्यापीठाचे प्राध्यापक रेमंड कर्कब्राइड हे आठ विद्यार्थ्यांना घेऊन फ्रान्सला गेले. प्रथम नान्सी येथे भाषेची तयारी आणि नंतर पॅरिसमध्ये अध्ययन, असा हा क्रम होता. दोन वर्षे मायदेशी भाषा शिकून झाल्यावर तिसरे वर्ष परदेशात घालवावयाचे आणि चौथ्या वर्षी परत येऊन पदवी घ्यावयाची, हा जो नमुना येथे सिद्ध झाला, तोच पुढे अमेरिकेत सर्वमान्य झाला.

अमेरिकन महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यास ‘ज्युनिअर’ म्हणतात. म्हणून या योजनेचे नाव पडले ‘ज्युनिअर इयर अब्रॉड’. परंतु ज्युनिअर कॉलेजात हे ‘ज्युनिअर’ वर्षच नसते; तेथील शिक्षण दुसऱ्या वर्षाअखेर संपते. भाषेची तयारी पुरी होते न होते तोच विद्यार्थी संस्था सोडून जातो. सारांश, नमुना सिद्ध झाला त्याच क्षणी, कोणाच्याही मनात तसा हेतू नसताना, दोन वर्षांची महाविद्यालये त्याच्या कक्षेबाहेर राहिली.

(३)

दुसऱ्या महायुद्धानंतर हे दोन प्रवाह एकत्र येण्याची संधी आली होती. राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी जुलै १९४६ मध्ये उच्च शिक्षणाविषयी एक आयोग नेमला. त्याचे अध्यक्ष होते तेच जॉर्ज झूक. डिसेंबर १९४७ पासून सहा खंडांत प्रसिद्ध झालेल्या या आयोगाच्या अहवालाने ‘कम्युनिटी कॉलेज’ हे नाव सर्वतोमुखी केले. लोकसंख्येपैकी किमान ४९ टक्के लोकांच्या ठायी चौदा वर्षांचे शिक्षण पुरे करण्याची बौद्धिक पात्रता आहे, असे त्याने प्रतिपादिले आणि त्यासाठी घराजवळच्या महाविद्यालयांचे जाळे विणण्याची शिफारस केली.

याच अहवालाने उच्च शिक्षणाची तीन प्रधान उद्दिष्टे सांगितली आहेत. जीवनाच्या सर्व अंगांत लोकशाहीची पूर्तता हे पहिले. आंतरराष्ट्रीय सामंजस्य आणि सहकार्य यांसाठी प्रत्यक्ष शिक्षण हे दुसरे. आणि सामाजिक प्रश्नांच्या उकलीसाठी प्रतिभा व प्रशिक्षित बुद्धी यांचा विनियोग हे तिसरे. ज्या दस्तऐवजाने स्थानिक महाविद्यालयाचा पुरस्कार केला, त्यानेच आंतरराष्ट्रीय शिक्षणाला अग्रभागी बसविले; म्हणून या दोहोंत तात्त्विक विरोध आहे असे निदान त्या काळच्या धुरीणांस वाटत नव्हते, असे मानण्यास हरकत नाही.

विरोध उत्पन्न झाला तो तरतुदींमुळे. ऑगस्ट १९४६ मध्ये संमत झालेल्या फुलब्राइट कायद्याने परदेशातील युद्धसामग्रीच्या विक्रीतून आलेला पैसा शैक्षणिक देवाणघेवाणीकडे वळविला. तथापि विद्यार्थ्यांसाठीच्या त्या शिष्यवृत्त्या पदवीधरांकरिता होत्या. १९५८ च्या राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायद्याने परकीय भाषा आणि प्रदेशांच्या अभ्यासाची केंद्रे काढली, ती विद्यापीठांत. १९६६ चा आंतरराष्ट्रीय शिक्षण कायदा संमत झाला, राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांची स्वाक्षरीही त्यावर झाली. परंतु त्याच्यासाठी निधी कधीच मंजूर झाला नाही. इकडे त्याच १९६० नंतरच्या दशकात चारशेहून अधिक नवी कम्युनिटी कॉलेजे उघडली. संस्था आणि विद्यार्थी दोन्ही वाढत गेले. पण आंतरराष्ट्रीय शिक्षणाचा पैसा मात्र विद्यापीठांच्याच पाटाने वाहत राहिला.

(४)

अशा स्थितीत जी महाविद्यालये या कार्यास प्रवृत्त झाली, त्यांच्यापुढील अडचणी व्यावहारिक होत्या. विश्वस्त मंडळ बहुधा लोकनिर्वाचित असे. आमच्या घरपट्टीचा पैसा परक्या देशात का खर्च करावा, हा करदात्याचा प्रश्न टाळता येण्यासारखा नव्हता. कॅलिफोर्नियात १९७८ च्या तेराव्या प्रस्तावाने मालमत्ता-करावरच मर्यादा घातल्यावर तर तो अधिकच तीव्र झाला. याशिवाय एकट्या महाविद्यालयातून एका गटापुरते विद्यार्थी मिळण्याची शाश्वती नसे; आणि विद्यार्थी पुरेसे नसतील तर सोबत जाणाऱ्या शिक्षकाचे वेतन निघत नसे. शिवाय परदेशात घेतलेला विषय पुढील विद्यापीठाने मान्य केला नाही, तर विद्यार्थ्याचे सत्रच वाया जाण्याचा धोका असे.

यावर जो तोडगा निघाला, तो अनेक महाविद्यालयांच्या संघाचा. इलिनॉयमधील महाविद्यालयांनी १९८० नंतरच्या दशकात असा संघ उभारून इंग्लंडमधील कँटरबरी, ऑस्ट्रियातील साल्झबुर्ग यांसारख्या ठिकाणी सत्रे चालविली. अशा संघाची रीत साधी आहे. शिक्षक एका महाविद्यालयाचा, विद्यार्थी अनेकांचे; शुल्क विद्यार्थी आपल्याच महाविद्यालयात भरतो, त्यामुळे त्या संस्थेचा पट व त्यावर अवलंबून असलेले अनुदान कायम राहते; आणि विषय असे निवडावयाचे की, ते राज्यातील विद्यापीठे आधीच मान्य करीत आली आहेत. म्हणजे परदेशातील वर्गात शिकविले जाई ते बव्हंशी मायदेशीच्याच अभ्यासक्रमातील. टीकाकारांनी यास वरवरचेपणा म्हटले आहे. तथापि श्रेयांकांची ही खात्री नसती तर अल्प उत्पन्नाच्या कुटुंबातील विद्यार्थ्याने त्या वाटेस जाण्याचे साहसच केले नसते, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

दुसरी दिशा याहून स्वतंत्र होती. १९७६ मध्ये फ्लॉरिडातील ब्रेवार्ड कम्युनिटी कॉलेजचे अध्यक्ष मॅक्सवेल किंग यांच्या पुढाकाराने काही महाविद्यालयांनी आंतरराष्ट्रीय विकासासाठी सहकारी संघटना स्थापिली. विद्यार्थी पाठविणे हा तिचा मूळ हेतू नव्हता. तंत्रशिक्षण, व्यवसायशिक्षण आणि अल्पकालीन प्रशिक्षण या आपल्या हातखंड्याच्या क्षेत्रांत इतर देशांतील संस्थांशी भागीदारी करावी, असा तिचा विचार होता. या घटनेचे महत्त्व असे की, येथे कम्युनिटी कॉलेजने विद्यापीठाचे अनुकरण सोडले आणि आपल्यापाशी जे खरोखर होते त्याच्या बळावर परदेशाशी संबंध जोडला. या संबंधांतून शिक्षक बाहेर जाऊन आले. आणि ज्या शेकडो विद्यार्थ्यांना प्रवास शक्य नव्हता, त्यांच्या वर्गात निदान त्या शिक्षकांचा अनुभव पोचला.

(५)

१९९० नंतरच्या काळात धोरण काहीसे अनुकूल झाले. १९९२ च्या दुरुस्तीने, मान्यताप्राप्त परदेशी अध्ययनासाठी विद्यार्थ्याला संघराज्याचे आर्थिक साहाय्य वापरता येईल हे स्पष्ट केले. नोव्हेंबर १९९६ मध्ये व्हर्जिनियातील एअरली येथे कम्युनिटी कॉलेजांच्या प्रतिनिधींनी जागतिक दृष्टीच्या विद्यार्थ्याची लक्षणे कोणती, याचा ऊहापोह केला. २००० च्या कायद्याने गिलमन शिष्यवृत्ती निर्माण झाली. ती पेल अनुदान घेणाऱ्या गरजू विद्यार्थ्यांसाठी होती आणि दोन वर्षांच्या महाविद्यालयांनाही खुली होती. १९२३ चा साचा इतक्या वर्षांनी प्रथमच कायद्याच्या पातळीवर सैल झाला. २००५ मध्ये लिंकन आयोगाने दरवर्षी दहा लाख अमेरिकन विद्यार्थी परदेशी जावेत, असे लक्ष्य मांडले.

प्रत्यक्ष फलित काय? २०१८-१९ या वर्षी श्रेयांकांसाठी परदेशी गेलेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांची संख्या ३,४७,०९९ होती. लक्ष्याच्या हे निम्मेही नव्हे. त्यातही कम्युनिटी कॉलेजांचा वाटा दोन टक्क्यांच्या आसपास होता. वास्तविक देशातील पदवीपूर्व विद्यार्थ्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक याच संस्थांत शिकत होते. कारण शोधण्यास दूर जावे लागत नाही. येथील बहुसंख्य विद्यार्थी अर्धवेळ शिकतात, नोकरी करतात, कित्येकांवर मुलांचा वा वृद्धांचा भार असतो. शिष्यवृत्ती विमानाचे भाडे देते. बुडालेला पगार देत नाही, आणि घरी मूल कोणी सांभाळावे याचीही व्यवस्था करीत नाही. यास्तव दोन ते आठ आठवड्यांचे कार्यक्रम हेच येथील मुख्य साधन ठरले. वर्षभराच्या वास्तव्याची खोली त्यांत नाही हे खरे. पण ज्यांना वर्ष कधीच मिळणार नव्हते, त्यांच्या बाबतीत ही तुलनाच अप्रस्तुत ठरते.

महामारीमुळे २०२०-२१ मध्ये एकूण संख्या १४,५४९ वर आली. त्या काळात, घरी राहूनच परदेशी वर्गाबरोबर एकत्र शिकण्याच्या पद्धतीकडे लक्ष वेधले गेले. ती मात्र महामारीची निर्मिती नव्हे. न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाने, ज्याच्या परिवारात त्या राज्यातील कम्युनिटी कॉलेजेही मोडतात, २००६ मध्येच यासाठी एक केंद्र काढले होते. गाव न सोडता शिक्षण, हे जोलिएटचे सूत्र येथे नव्या रूपात पुन्हा भेटते.

(६)

या इतिहासाशी आपला संबंध केवळ जिज्ञासेचा नाही. पुदुच्चेरी विद्यापीठाने १९९५ मध्ये आणि चेन्नईच्या आर्चडायोसिसने १९९६ मध्ये कम्युनिटी कॉलेज सुरू केले. अमेरिकन परराष्ट्र खात्याच्या २००७ पासूनच्या योजनेखाली भारतीय विद्यार्थीही वर्षभरासाठी तेथील कम्युनिटी कॉलेजांत जाऊन आले. २०१२ मध्ये वॉशिंग्टन येथे भरलेल्या भारत-अमेरिका उच्च शिक्षण संवादात या संस्थांचा विषय चर्चिला गेला, आणि पुढे बाराव्या योजनेच्या काळात विद्यापीठ अनुदान आयोगाने त्यांच्यासाठी स्वतंत्र योजना हाती घेतली. आता आपल्या तालुक्यातालुक्यांतील महाविद्यालयेही परदेशी संस्थांशी सामंजस्य करार करू लागली आहेत. अशा वेळी करारांची संख्या मोजण्यापेक्षा, करार कोणत्या विद्यार्थ्याला डोळ्यांसमोर ठेवून केला, हे पाहणे अगत्याचे आहे. जो विद्यार्थी सकाळी वर्गात आणि दुपारी दुकानात वा शेतावर असतो, त्याच्या दिनक्रमात तो करार बसतो काय? श्रेयांक कोठे मान्य होणार, हे तो निघण्यापूर्वी ठरले आहे काय? परत आलेला शिक्षक न गेलेल्यांना काय देणार, याची योजना आहे काय?

अमेरिकेस हे प्रश्न सुचावयास १९२३ पासून पुढे अनेक दशके लागली, आणि सुचल्यावरही त्यांची उत्तरे अपुरीच राहिली. तेथील विश्वस्त मंडळांची इतिवृत्ते, संघांचे वार्षिक अहवाल आणि स्थानिक वृत्तपत्रे यांच्या आधारे एकेका महाविद्यालयाचा बारकाईने अभ्यास झाल्यास या विषयावर अधिक प्रकाश पडेल. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी या कामाकडे वळावे. आणि त्याचबरोबर आपल्या महाविद्यालयांनी केलेल्या करारांची कागदपत्रे आताच जतन व्हावीत, म्हणजे पुढील संशोधकास ती धुंडीत बसावे लागणार नाही.