वापर आणि जतन : जुन्या गोव्यातील चर्चवास्तूंची दोन प्राक्तने

कोल्हापुरात सीपीआर रुग्णालयाच्या समोर, बागेतल्या झाडांआड उभी असलेली टाऊन हॉलची इमारत प्रथम पाहणाऱ्याला हमखास चर्चचा भास होतो. टोकदार कमानी, उतरती छपरे, निमुळते मनोरे अशा गॉथिक शैलीत मेजर चार्ल्स मँट या वास्तुविशारदाने 1872 ते 1876 या काळात ती उभारली. नगराच्या सभा-समारंभांसाठी बांधलेल्या या दालनात पुढे ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेले पुरावशेष आले आणि एकोणीसशे चाळीसच्या दशकाच्या अखेरीस तिचे वस्तुसंग्रहालय झाले. ग्रीक समुद्रदेव पोसायडनची ती प्रसिद्ध लहानशी कांस्यमूर्ती आज याच छपराखाली आहे. एखाद्या वास्तूचे मूळ प्रयोजन संपले, तरी तिचे आयुष्य संपत नाही, याचा हा आपल्या घरचा दाखला होय.

परंतु टाऊन हॉल ही अखेर लौकिक वास्तू. सभागृहाचे संग्रहालय झाले म्हणून कोणाच्या भावनेला धक्का बसला नाही. उपासनेसाठी बांधलेली वास्तू उपासकांविना उरली, तर तिचे काय करावे, हा प्रश्न याहून पुष्कळ अवघड आहे. काही वर्षांपूर्वी एम. ए. च्या विद्यार्थ्यांची सहल घेऊन आम्ही जुन्या गोव्याला गेलो होतो. क्रिस्तपुराण अभ्यासक्रमात होते, म्हणून त्याच्या जन्मभूमीचे दर्शन घ्यावे, एवढाच हेतू. परतताना मात्र एका विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न सर्वांच्या मनात घोळत राहिला. तिने विचारले होते, "सर, एकाच टेकडीवरची एक इमारत उभी आहे आणि शेजारची पडली, असे का?" प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाचे, उशिरा का होईना, दिलेले उत्तर आहे.

ती टेकडी म्हणजे जुन्या गोव्यातील मोंते सांतो. तिच्यावर सेंट ऑगस्टीनचे चर्च आणि सेंट मोनिकाचा जोगिणींचा मठ, अशा दोन वास्तू हाकेच्या अंतरावर आहेत. पहिली 1602 मध्ये पूर्ण झाली, दुसरी 1627 मध्ये. दोन्ही जांभ्या दगडाच्या, दोन्ही एकाच संप्रदायाच्या. 1834 मध्ये पोर्तुगालच्या उदारमतवादी सरकारने पुरुषांचे धर्मसंघ बरखास्त केले आणि पुढल्याच वर्षी गोव्यात त्याची अंमलबजावणी झाली. ऑगस्टीनचे साधू निघून गेले. जोगिणींच्या मठात मात्र नवीन प्रवेश बंद झाले, तरी आत असलेल्या जोगिणींना आमरण राहू देण्यात आले. सेंट मोनिकातील शेवटची जोगीण 1885 मध्ये वारली.

या पन्नास वर्षांच्या अंतराने सारे ठरवले. जांभा सच्छिद्र असतो. चुन्याचा गिलावा वेळोवेळी लावला नाही, तर कोकणपट्टीचा पाऊस त्याला आतून पोखरतो. ऑगस्टीनच्या छपराकडे पाहणारे कोणी उरले नाही. 1842 मध्ये, म्हणजे साधू गेल्यावर अवघ्या सात वर्षांत, मुख्य घुमटाकार छत कोसळले. 1931 मध्ये दर्शनी भाग आणि मनोऱ्याचा अर्धा हिस्सा गेला. मूळच्या सुमारे 46 मीटर उंचीच्या मनोऱ्याचा उरलेला सुळका आज पर्यटकांच्या छायाचित्रांत दिसतो. शेजारच्या मठात मात्र दिवे लागत होते, केर काढला जात होता, गळके छप्पर दुरुस्त होत होते. पुढे 1964 पासून तेथे धर्मभगिनींसाठी मातेर देई संस्था चालू झाली आणि 2002 मध्ये मठाच्या चर्चमध्ये ख्रिस्ती कलेचे संग्रहालय आले. राहती वास्तू टिकली, रिकामी पडली. विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे पहिले उत्तर इतके साधे आहे.

ऑगस्टीनच्या घंटेची कथाही याच अर्थाची आहे. वास्तू सोडल्यावर ती खाली उतरवून 1841 मध्ये आग्वादच्या दीपगृहात नेण्यात आली. तेथे तिने जहाजांसाठी काम केले. 1871 मध्ये ती पणजीच्या इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्चवर चढली आणि अद्याप तेथेच आहे. आपल्याकडेही असेच घडले आहे. चिमाजी आप्पांनी 1739 मध्ये वसई जिंकली, तेव्हा तेथील चर्चच्या घंटा देशावर आल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरात, भीमाशंकरला, वाईजवळच्या मेणवलीला त्या आजही टांगलेल्या आहेत. मेणवलीच्या घंटेवर तर मेरी आणि बाळ येशू स्पष्ट दिसतात. विजयचिन्ह म्हणून आणलेल्या या घंटा देवळाच्या नित्यकर्मात रुजल्या म्हणून वाचल्या. ज्या चर्चमधून त्या आल्या, त्या वसई किल्ल्यातील बहुतेक वास्तू मात्र वापराअभावी भग्न झाल्या.

मराठीच्या अभ्यासकांना याहून जिव्हाळ्याचे उदाहरण म्हणजे सेंट पॉल कॉलेज. अॅबिसिनियाला जायला निघालेले मुद्रणयंत्र 1556 मध्ये गोव्यात राहिले आणि याच कॉलेजात भारतातील छपाईचा आरंभ झाला. म्हणजे आपल्या मुद्रणसंस्कृतीची पहिली पायरी येथे होती. साथींच्या रोगांमुळे ही जागा हळूहळू ओस पडली आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सरकारनेच ती पाडून तिचे दगड पणजीच्या बांधकामांसाठी नेले. आज रस्त्याच्या कडेला तिची एक कमान तेवढी उभी आहे. आमच्या बसचालकाने ती न थांबताच ओलांडली होती. परत फिरून जावे लागले. याउलट साष्टीतील रायतूरचे, म्हणजे राशोलचे, जेझुइटांचे महाविद्यालय पाहा. फादर थॉमस स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण 1616 मध्ये जेथे छापले गेले, ते हे ठिकाण. 1759 मध्ये जेझुइटांची हकालपट्टी झाली. वास्तू रिकामी होताच तिच्यात धर्मप्रांताचे सेमिनरी आले आणि ते आजही चालू आहे. मालक बदलले, पण पाठ थांबला नाही. म्हणून भिंती राहिल्या.

वास्तूंविषयी जे म्हणता येते, तेच या ग्रंथाविषयीही म्हणता येईल. स्टीफन्स यांनी मराठीत येताना नवा छंद शोधला नाही. ज्ञानेश्वर-एकनाथांनी राबवलेली ओवी आणि पुराणाची रचना त्यांनी घेतली व तिच्यात ख्रिस्तचरित्र नांदवले. जुन्या घरात नवा रहिवासी आला, असे याचे वर्णन करता येईल. पुढे 1684 मध्ये पोर्तुगीज शासनाने स्थानिक भाषेविरुद्ध फर्मान काढले. सतराव्या शतकात तीनदा छापलेला हा ग्रंथ छापील रूपात जवळजवळ नाहीसा झाला. तो टिकला तो हस्तलिखितांत आणि मंगळूरकडच्या ख्रिस्ती कुटुंबांच्या वाचनात. अशाच हस्तलिखितांच्या आधारे जोसेफ साल्ढाणा यांनी 1907 मध्ये मंगळूरहून त्याची नवी आवृत्ती काढली. ग्रंथालाही रहिवासी लागतात.

येथे एका आक्षेपाची दखल घेणे आवश्यक आहे. त्याच सहलीत एका विद्यार्थ्याने तो सौम्यपणे, पण ठामपणे मांडला होता. सोळाव्या शतकात साष्टीत, बारदेशात, तिसवाडीत मंदिरे पाडली गेली. मंगेशी, शांतादुर्गा या देवतांना खाडी ओलांडून फोंड्याच्या आश्रयाला जावे लागले. ज्यांनी आपल्या वास्तू पाडल्या, त्यांच्या वास्तू आपण का जपाव्यात? हा प्रश्न टाळण्यासारखा नाही, आणि त्यामागचे दुःख खोटे नाही. परंतु आमचे उत्तर असे, की त्या विध्वंसाची साक्ष द्यायलाही वास्तूच लागते. सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीच्या मठात 1964 मध्ये पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय सुरू झाले. तेथे पोर्तुगीज व्हाइसरॉयांची चित्रे आहेत, कवी लुईश द कामोंइशचा कांस्यपुतळा आहे आणि त्याच छपराखाली गोमंतकातील विष्णुमूर्ती, वीरगळ आणि सतीशिळाही आहेत. जेत्याच्या मठात जितांचे दगड मांडले गेले आहेत. तो मठ पाडला असता, तर ही शेजारमांडणी कोठे पाहायला मिळाली असती?

पडक्या वास्तूही बोलतात, हे खरे. पण फार उशिरा आणि मोठ्या कष्टाने. ऑगस्टीनच्या अवशेषांत 1989 पासून उत्खनन झाले. जॉर्जियाची राणी केतेवान हिचा 1624 मध्ये शिराझ येथे वध झाला होता आणि ऑगस्टीनच्या साधूंनी तिच्या अस्थी गोव्यात आणल्या होत्या. उत्खननात मिळालेल्या अस्थींची हैदराबादच्या प्रयोगशाळेत जनुकीय तपासणी होऊन 2013 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले, आणि 2021 मध्ये भारताने त्यांचा अंश जॉर्जियाला भेट दिला. छत कोसळले नसते, तर त्या अस्थी ढिगाऱ्यात शोधाव्या लागल्या नसत्या.

तथापि वापर म्हणजे आपोआप जतन, असे मानणेही भाबडेपणाचे ठरेल. बॉम जेझुस बॅसिलिकेचा चुन्याचा गिलावा 1950 च्या दशकात काढण्यात आला, तो तिला अधिक 'प्राचीन' दिसावे म्हणून. आणि तेव्हापासून उघड्या जांभ्यावर पावसाचा मारा होतो आहे. उपासना चालू असलेल्या वास्तूचेही असे नुकसान होऊ शकते. नव्या उपयोगाची रीतही महत्त्वाची असते. नेदरलँड्समधील मास्ट्रिख्ट येथे तेराव्या शतकातील डॉमिनिकन चर्चमध्ये 2006 मध्ये पुस्तकांचे दुकान उघडले. त्याआधी ते कधी गोदाम, कधी सायकली ठेवण्याची जागा होते. तेथील पोलादी मजले मूळ भिंतीला धक्का न लावता स्वतंत्र उभे केले आहेत. उद्या ते काढून टाकले, तरी चर्च जसेच्या तसे उरेल. आमच्या मते खरी कसोटी हीच आहे. नवा रहिवासी जुन्याची ओळख पुसत नाही ना, आणि त्याने केलेला बदल पुढच्या पिढीला परतवता येईल ना? शिवाय, ज्या समाजाची ती प्रार्थनेची जागा होती, त्याला विचारले गेले आहे ना? सेंट मोनिकातील संग्रहालयाच्या उभारणीत गोव्याचे धर्मपीठ स्वतः सहभागी होते, ही बाब म्हणूनच मोलाची.

कोल्हापुरात आज जुने वाडे पाडून त्या जागी संकुले उभी राहतात, तेव्हा बहुधा एकच कारण सांगितले जाते: वास्तूचा आता उपयोग नाही. उपयोग नाही की उपयोग शोधलेला नाही, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. चुकीचा उपयोग उद्या बदलता येतो. सेंट पॉलचे पणजीला गेलेले दगड परत आणता येत नाहीत. यंदा क्रिस्तपुराण शिकवताना आम्ही विद्यार्थ्यांना एक गृहपाठ दिला आहे. प्रत्येकाने आपल्या गावातील एक रिकामी वास्तू पाहावी, ती कोणी, कशासाठी बांधली ते घरच्या वडीलधाऱ्यांना विचारावे आणि तिच्यात आता काय नांदू शकेल, हे दोन पानांत लिहावे. पहिली काही टिपणे आली आहेत. एकाने गावातल्या बंद पडलेल्या धान्यकोठाराविषयी लिहिले आहे. तेथे वाचनालय व्हावे, असे त्याला वाटते.