कॉफी आरोग्यासाठी चांगली की वाईट? दिवसातून किती कप प्यावेत?

फर्ग्युसन रस्त्यावरच्या 'वैशाली' आणि 'रूपाली'तली फिल्टर कॉफी ही पुणेकरांची जुनी सवय. आता गल्लोगल्ली कॅफे आहेत. सदाशिव पेठ, नवी पेठेत स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे अनेक जण रात्र जागवायला कॉफीचाच आधार घेतात. पण ही कॉफी शरीराला मदत करते की त्रास देते? याचं उत्तर ती कोण, किती आणि कधी पितं यावर अवलंबून आहे.

कॉफीने झोप का उडते?

आपण जागे असताना मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं आणि त्यामुळे झोप येते. कॉफीतलं कॅफिन या रसायनाचा मार्ग अडवतं. म्हणजे थकवा जात नाही, तो फक्त जाणवत नाही. कॅफिनचा परिणाम ओसरला की तो पुन्हा जाणवू लागतो.

फायदे कोणते?

2017 मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये 200 हून अधिक विश्लेषणांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. दिवसाला तीन ते चार कप कॉफी पिणाऱ्यांमध्ये हृदयविकार आणि अकाली मृत्यूचा धोका कमी दिसला. यकृताचे आजार, टाइप 2 मधुमेह आणि पार्किन्सन यांचं प्रमाणही कॉफी पिणाऱ्यांमध्ये कमी आढळलं.

मात्र यातले बहुतेक अभ्यास निरीक्षणावर आधारित आहेत. त्यामुळे 'कॉफी प्या, आजार टाळा' असा अर्थ काढणं चुकीचं ठरेल. शिवाय हे निष्कर्ष साखर आणि क्रीम घातलेल्या कोल्ड कॉफीला जसेच्या तसे लागू होत नाहीत.

किती कॉफी सुरक्षित?

आयसीएमआर आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे 2024 मध्ये आहारविषयक मार्गदर्शक सूचना जाहीर केल्या. त्यानुसार दिवसाला 300 मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅफिन नको.

150 मिलीच्या एका कपात साधारण किती कॅफिन असतं?

- ब्रू केलेली कॉफी: 80 ते 120 मिलिग्रॅम
- इन्स्टंट कॉफी: 50 ते 65 मिलिग्रॅम
- चहा (एक सर्व्हिंग): 30 ते 65 मिलिग्रॅम

दिवसभरातला चहाही या हिशेबात धरावा लागतो, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. कॅफेतला मोठा मग तर एकाहून जास्त कपांचा असतो.

जेवणानंतर लगेच कॉफी नको

चहा-कॉफीतले टॅनिनसारखे घटक अन्नातलं लोह शरीरात शोषू देत नाहीत. म्हणून जेवणाआधी आणि नंतर किमान एक तास चहा-कॉफी टाळावी, असं याच सूचनांमध्ये म्हटलं आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-5 नुसार देशातल्या 15 ते 49 वयोगटातल्या 57 टक्के महिलांना अ‍ॅनिमिया आहे. त्यामुळे हा सल्ला विशेष महत्त्वाचा.

रात्रीच्या कॉफीचं काय?

शरीरातलं निम्मं कॅफिन कमी व्हायला सरासरी पाच तास लागतात. रात्री दहाला घेतलेल्या कॉफीतलं निम्मं कॅफिन पहाटे तीनलाही शरीरात असू शकतं. 2013 मधल्या एका अभ्यासात झोपण्याच्या सहा तास आधी घेतलेल्या 400 मिलिग्रॅम कॅफिनमुळेही झोप एक तासाहून जास्त कमी झाली. वाचलेलं लक्षात राहण्यासाठी झोप गरजेची असते. म्हणजे अभ्यासासाठी घेतलेली कॉफी अभ्यासाच्याच मुळावर येऊ शकते.

कोणी काळजी घ्यावी?

- गर्भवती महिला: युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेनुसार मर्यादा दिवसाला 200 मिलिग्रॅम
- अनियंत्रित रक्तदाब, धडधड, अ‍ॅसिडिटी किंवा अँग्झायटीचा त्रास असलेले
- कोलेस्टेरॉल जास्त असलेले: कागदी फिल्टर कॉफीतले कोलेस्टेरॉल वाढवणारे तेलकट घटक बऱ्याच अंशी अडवतो, धातूचा फिल्टर तितके अडवत नाही

अशांनी डॉक्टरांशी बोलूनच प्रमाण ठरवावं. कॉफी सोडायची असेल तर हळूहळू कमी करावी. एकदम बंद केल्यास काही दिवस डोकेदुखी, चिडचिड होऊ शकते.